म्हातार्डीचं बुलेट ट्रेन स्टेशन: ठाणे-नवी मुंबईला एवढा खर्च पटतो का?

खारेगाव_पूल:

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण उत्तर आकड्यांत द्या, झेंड्यांत नको.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटरची. पैकी १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, आणि १२ स्टेशनांपैकी चार आपल्याकडे: बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ठाणे, विरार, बोईसर. सप्टेंबर २०१७ मध्ये साबरमतीला पायाभरणी झाली तेव्हा खर्च १ लाख ८ हजार कोटी सांगितला होता आणि मुदत डिसेंबर २०२३ ची होती. आता रेल्वे बोर्डाकडूनच १ लाख ९८ हजार कोटींच्या आसपासचा आकडा आलाय आणि अख्खा मार्ग सुरू व्हायला डिसेंबर २०२९ उजाडणार. राज्याच्या वाट्याला ५ हजार कोटींचं भागभांडवल आहेच.

त्यात 'ठाणे' स्टेशन ठाण्यात नाहीच. ते दिव्याच्या पलीकडे, म्हातार्डी आणि आगासनच्या मध्ये. घोडबंदर, कोपरी किंवा वाशी-नेरुळच्या माणसाला तिथे पोचायचं म्हणजे अर्धा प्रवास तिथेच संपला.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. व्याज ०.१ टक्का म्हणजे कर्ज जवळपास फुकटच, असं म्हणतात ते कितपत खरं? आहे त्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर वेग वाढवून भागलं नसतं का? आणि हेच पैसे लोकलमध्ये घातले असते तर ठाणे-दिवा-कल्याणची गर्दी हटली नसती का?

आकडेमोड:

कर्जापासून धरतो, निम्मी भांडणं तिथेच होतात.

मूळ हिशोबात ८१ टक्के रक्कम जायकाच्या, म्हणजे जपान सरकारच्या मदतसंस्थेच्या, कर्जातून. १.०८ लाख कोटींचे ८१ टक्के म्हणजे साधारण ८७,५०० कोटी. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, त्यातली पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायची नाही. म्हणजे व्याज वर्षाला ८८ कोटींच्या घरात. एवढ्या कर्जाला हे खरंच नगण्य आहे. पुढे ३५ वर्षांत मुद्दल फेडायचं तर वर्षाला सुमारे २,५०० कोटी. 'फुकट' म्हणणारे हा दुसरा आकडा सांगत नाहीत.

सगळ्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट वेगळीच आहे. १५ वर्षांची सवलत गाडी धावायला लागल्यापासून मोजत नाहीत, कर्जाच्या करारापासून मोजतात. पहिल्या हप्त्याचा करार सप्टेंबर २०१८ चा, म्हणजे त्याची सवलत २०३३ ला संपते. २०२३ ला गाडी सुरू झाली असती तर तिकिटाचं उत्पन्न खात्यात जमत दहा वर्षं मिळाली असती. २०२९ च्या अखेरीस सुरू झाली तर हातात राहतात जेमतेम चार. दिरंगाईचा खरा फटका हा आहे. सिमेंट-सळईची भाववाढ त्याच्या नंतर.

आता वाढीव ९० हजार कोटी. समजा ते देशातूनच ७ टक्क्यांनी उभे केले, तर नुसतं व्याज वर्षाला ६,३०० कोटी. सरकारने भांडवल म्हणून घातले तर व्याज दिसणार नाही, पण पैसे तुमच्या-आमच्याच खिशातले. ०.१ टक्क्याचं कौतुक मूळ रकमेपुरतंच धरा.

उत्पन्नाची बाजू. सुरुवातीचा अंदाज रोज एका दिशेला १७,९०० प्रवासी, म्हणजे दोन्ही दिशांनी वर्षाला १ कोटी ३० लाख. बरेचजण मध्येच चढतात-उतरतात, म्हणून सरासरी भाडं २,००० रुपये धरलं तर २,६०० कोटी. यातून वीज, देखभाल, पगार जाऊन मूळ कर्जाचा २,५०० कोटींचा हप्ता सुटत नाही. आयआयएम अहमदाबादच्या २०१६ च्या अभ्यासात सरासरी ३०० किलोमीटरला १,५०० रुपये भाडं धरून रोज ८८ हजार ते १ लाख १८ हजार प्रवासी लागतील असं गणित होतं. सुरुवातीचा अंदाज दोन्ही दिशा मिळून ३५,८०० चा. आणि अभ्यासातला खर्चही जुनाच होता.

आता हा आकडा बघून 'तोट्यातला धंदा' म्हणून हात झटकणाऱ्यांना एक सांगतो. तिकिटातून भांडवली खर्च फेडणारी रेल्वे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. समृद्धीच्या टोलमधूनही तो रस्ता दहा-पंधरा वर्षांत फिटणार नाही. प्रश्न फायदा-तोट्याचा नाही, इतक्या पैशात दुसरं काय आलं असतं याचा आहे.

कर्ज येनमध्ये फेडायचं, आणि येनचं म्हणाल तर आत्तापर्यंत नशिबाने साथ दिली. २०१७ ला १०० येन साधारण ५८ रुपयांना होते, २०२४ च्या मध्यावर ५२-५३ ला आले. पण फेड २०६८ पर्यंत चालणार. नशिबावर पन्नास वर्षांचा हिशोब मांडता येत नाही.

रूळकरी:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. जुन्या मार्गावर वेग वाढवणं वाटतं तितकं सरळ नाही.

मुंबई सेंट्रल ते अहमदाबाद ४९१ किलोमीटर. वंदे भारत साडेपाच तासांच्या आसपास घेते, म्हणजे सरासरी ९०. सगळीकडे १६० ची मुभा दिली, कुंपण घातलं, 'कवच' ही टक्कररोधक यंत्रणा बसवली, फाटकं काढून पूल बांधले, तरी सरासरी ११५ च्या वर न्यायला घाम फुटेल. म्हणजे सव्वाचार तास. आजच्यापेक्षा सव्वा तासाने कमी, आणि खर्च बुलेटच्या एक आणा. इथपर्यंत गणित तुमच्या बाजूने आहे.

अडचण पुढे येते. एकाच रुळावर मालगाडी ७५ ने, लोकल थांबत थांबत आणि ही १६० ने. शंभर किलोमीटरला मालगाडीला ८० मिनिटं लागतात, हिला ३८. मालगाडी पुढे असेल तर हिला वाट मोकळी मिळावी म्हणून मध्ये ४२ मिनिटांची फट सोडावी लागते. दोन गाड्यांत ८ मिनिटांचं अंतर धरलं तर त्या फटीत पाच गाड्या बसल्या असत्या. एक वेगवान गाडी अशी पाच गाड्यांची जागा खाते. विरार-डहाणू चौपदरी झालं आणि मालवाहतूक पश्चिम डीएफसीवर, म्हणजे मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गावर, गेली की थोडा श्वास मिळेल, पण तो श्वास डहाणूच्या लोकलला हवा की अहमदाबादच्या एसी डब्याला, हे भांडण उरतंच. वेगळा मार्ग बांधला की हे भांडण संपतं. स्टँडर्ड गेज, म्हणजे १,४३५ मिलिमीटर, घेतल्यामुळे मात्र आपली १,६७६ ची गाडी त्यावर कधीच जाणार नाही. ही गाडी सुरतेहून आपल्या रुळावर उतरून पुढे भुसावळला जाऊ शकत नाही. फ्रान्सची टीजीव्ही शहरात जुन्याच रुळावरून शिरते, तो पर्याय आपण पहिल्याच दिवशी सोडला. म्हणून बीकेसीला जमिनीखाली ३२ मीटर खोल नवं स्टेशन खणावं लागतंय.

आता रुळाखाली काय आहे ते, कारण पैसे कुठे जातात ते तिथे दिसतं. खडी नाही. पुलाच्या काँक्रीटवर आधी एक पाया, त्यावर कारखान्यात ओतलेली लादी: ४,९०० मिलिमीटर लांब, २,२०० रुंद, १९० जाड, वजन ३.९ टन. लादी आणि पाया यांच्यामध्ये सिमेंट-डांबराच्या मिश्रणाचा थर भरतात. हे मिश्रण आत ओतताना तापमान सांभाळावं लागतं आणि हवा अडकू द्यायची नसते. हवा अडकली तर लादीखाली पोकळी राहते. वरून गाडी गेली की लादी किंचित दबते, पावसाचं पाणी आत शिरतं, प्रत्येक चाकाबरोबर ते पिचकारीसारखं बाहेर येतं आणि थर खात जातं. खडीचा रूळ बसला तर मशीन आणून खडी ठोकता येते. लादी बसली तर ती उचलून थर नव्याने भरावा लागतो, तोही रात्री. जपानमध्ये म्हणूनच रात्री १२ ते ६ शिंकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, बंद ठेवतात, आणि इथेही त्याशिवाय गत्यंतर नाही. रात्रीची गाडी या मार्गावर विसरा.

पुलाचंही तसंच. ४० मीटरचा एक अख्खा गर्डर ९७० टनांचा. तो कास्टिंग यार्डात एकसंध ओतून, तयार झालेल्या पुलावरूनच पुढे नेऊन ठेवतात. सपाट गुजरातमध्ये ही पद्धत धडाधड चालली. आपल्याकडे डोंगर, खाडी, उल्हास नदी, वैतरणा, मध्येच महामार्ग आणि रेल्वे. दर थोड्या अंतरावर पद्धत बदलते, यंत्र बदलतं. ज्यांना वाटतं महाराष्ट्राचा टप्पा फक्त राजकारणामुळे रखडला, त्यांनी विरार ते बोईसरचा नकाशा एकदा उघडून बघावा. जमिनीला उशीर झाला हे खरं, संपूर्ण जागा हातात यायला जानेवारी २०२४ उजाडला. पण जागा वेळेत मिळाली असती तरी हा टप्पा सुरतेच्या वेगाने झाला नसता.

खाडीकाठ:

खर्चाचा मोठा घास बोगद्याचा, म्हणून त्यावर थोडं लांबण लावतो.

बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटर जमिनीखालून. त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. पूल का नाही? कारण मधला खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला. खांब रोवायचे म्हणजे कांदळवन आणि चिखलपट्टी दोन्ही गेली. तरीही कांदळवनाला धक्का लागतोच: आधी सुमारे ५३ हजार झाडं तोडायची होती, ती संख्या २२ हजारांच्या आसपास आणली गेली आणि उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली.

दोन्ही रूळ एकाच नळीत आहेत. म्हणून टीबीएमचं, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राचं, तोंड १३.६ मीटरचं. मेट्रोला सहा-सात मीटरचं पुरतं. व्यास दुप्पट झाला की काढायचा माल चौपट होतो, आणि भोकाचं तोंड जितकं मोठं तितके त्यात एकाच वेळी वेगवेगळे थर येतात: खाली टणक काळा पाषाण, वर कुजलेला मुरमाड खडक. अशा मिश्र तोंडावर कटर एका बाजूने झिजतात आणि मशीन मऊ बाजूला ओढ घेतं. खाडीखाली वरून पाण्याचा दाब असतो, त्यामुळे कटर बदलायला माणसं पाठवायची तर दाबाखालच्या हवेत पाठवावी लागतात. एका कटर बदलाला तासन् तास जातात.

२१ पैकी १६ किलोमीटर टीबीएमने, उरलेले ५ घणसोली ते शिळफाटा स्फोट करून. या ५ किलोमीटरचं काम लवकर झालं कारण घणसोलीला ३९४ मीटरचा एक तिरका जोडबोगदा आधी काढला आणि मधूनच दोन्ही दिशांना तोंडं उघडली. सप्टेंबर २०२५ ला ४.८८ किलोमीटर आरपार झालं. क्रम असा असतो: तोंडावर ठरल्या नकाशाने भोकं पाडायची, दारू भरायची, माणसं मागे घेऊन उडवायचं, धूर जाईपर्यंत पंखे चालवायचे, मग माल काढायचा, छताला लटकलेले सैल दगड पाडायचे, लगेच काँक्रीटचा फवारा, मग बोल्ट आणि लोखंडी कमानी. छत किती सरकलं ते रोज मोजायचं. आकडा थांबला की पाणीरोधक पडदा लावून शेवटचं अस्तर. पारसिकच्या डोंगराखाली बोगद्याच्या वर ११४ मीटर खडक आहे, तिथे तो चांगला. त्रास होतो तो डोंगराच्या टोकांना, जिथे वर खडक पातळ आणि त्यावर वस्ती. तिथे एका वेळची दारू कमी करून स्फोट मिलिसेकंदांच्या अंतराने फोडतात, म्हणजे हादरे एकमेकांत मिसळत नाहीत. त्याच डोंगरातून जीआयपी रेल्वेने काढलेला पारसिकचा बोगदा १९१६ चा आहे, सव्वा किलोमीटरच्या थोडा वर. कल्याणच्या फास्ट लोकल २०२२ पर्यंत त्यातूनच धावायच्या; ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर तो लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला.

आता ज्याचा आपल्याला रोज त्रास होणार ती गोष्ट, माल. १३.६ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ १४५ चौरस मीटर. गुणिले १६ हजार मीटर, म्हणजे २३ लाख घनमीटर खडक. फोडला की फुगतो, दीडपट धरा: ३५ लाख. एका डंपरमध्ये १४ घनमीटर, तर अडीच लाख खेपा. बीकेसी, विक्रोळी आणि घणसोलीजवळची सावली या तीन शाफ्टमधून, म्हणजे उभ्या खड्ड्यांतून, त्या विभागल्या जातील, पण घणसोलीकडचा वाटा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच येणार. डंपर झाकलेला आहे का, चाकं धुण्याचा हौद आहे का, खेपा रात्री आहेत की सकाळी ९ ला, हे तीन प्रश्न नगरसेवकाला विचारा. फ्लेमिंगोंवर भाषणं पुष्कळ झाली.

पाचवी_सहावी:

लोकलचा मुद्दा. माझं मत कटू आहे, पण मांडतो.

पैसे नाहीत म्हणून लोकल रखडलेली नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका एमयूटीपी-२ या मुंबई लोकलच्या विस्तार योजनेतली, मंजुरी २००८ ची. सुरू झाली फेब्रुवारी २०२२ ला. नऊ-दहा किलोमीटरला तेरा-चौदा वर्षं. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग एमयूटीपी-३ मध्ये २०१६ ला मंजूर. तो झाला असता तर कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईला जाणाऱ्याला ठाण्याला उतरून गाडी बदलायचं कारणच उरलं नसतं. तो अडकला आहे रुळालगतच्या झोपड्यांच्या पुनर्वसनात. तिजोरीत पैसे पडून असले तरी ती जागा मोकळी होत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर खचाखच भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली, ते सगळ्यांना आठवत असेल. ते वळण, तो प्लॅटफॉर्म, ती गर्दी, यातलं काहीही ८७ हजार कोटींच्या येनने सुटत नव्हतं, कारण जायकाचं ते कर्ज त्याच प्रकल्पाला आणि जपानी तंत्राला बांधलेलं. ते उचलून मध्य रेल्वेच्या खिशात घालता आलं नसतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, राज्याचे ५ हजार कोटी आणि वाढीव रकमेतला सरकारचा हिस्सा यांना असलं बंधन नाही. आणि पैशापेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे भूसंपादन करणारी माणसं. जिल्ह्याच्या कचेरीत बसणारे प्रांत, मोजणीदार, पुनर्वसनाचे अधिकारी मोजकेच. ते पाच वर्षं एका प्रकल्पाच्या मागे धावले की दुसऱ्याची फाईल तळाला जाते. माझी तक्रार खर्चावर नाही, प्राधान्यावर आहे.

तुलनेसाठी किलोमीटरमागचा खर्च ठेवून देतो. बुलेट जुन्या हिशोबाने २१२ कोटी, नव्याने ३९०. मुंबईची भुयारी मेट्रो ३ साडेतेहतीस किलोमीटरला ३७,२७६ कोटी, म्हणजे १,१०० कोटींच्या वर. दिल्ली-मेरठ नमो भारत, म्हणजे शहरांना जोडणारी जलद रेल्वे, ८२ किलोमीटरला ३०,२७४ कोटी, म्हणजे ३७०, वेग १६०. कर्जत-कसारा-डहाणूचा पसारा बघता मला त्या नमो भारतचाच जास्त मोह पडतो. तिची स्टेशनं जवळ, गाडी दर दहा-पंधरा मिनिटांनी.

शिळफाटा_डाऊन:

मूळ प्रश्नातलं स्टेशनच सगळे विसरले.

म्हातार्डी आज 'कुठेच नाही' अशी जागा आहे हे मान्य. दोन उदाहरणं बघा. शिन-योकोहामा १९६४ ला शेतात बांधलं, मूळ योकोहामा स्टेशनपासून लांब. सोबत एक जुनी उपनगरी लाईन होती, पण भुयारी रेल्वे पोचायला १९८५ उजाडलं. तैवानचं ताइनान स्टेशन २००७ ला शहराबाहेर सुरू झालं, शहराला जोडणारा रेल्वेफाटा आला २०११ ला. तोपर्यंत बस आणि टॅक्सी. थोडक्यात, वरातीमागून घोडं सगळीकडेच. पण दोन्हीकडे घोडं आलं तरी.

आपल्याकडे काय आहे? दिवा-पनवेल मार्गावरची दातिवली आणि निळजे ही दोन स्टेशनं या भागातच. पण त्या मार्गावर प्रवासी गाड्या दिवसाला मोजक्या, बाकी मालगाड्या. नेरुळ-वाशीकराने ठाण्याला ट्रान्स-हार्बर सोडून स्लो लोकलने दिव्याला यायचं, पुढे दिवा पूर्वेतून रिक्षा. ज्यांनी दिवा पूर्वेचा रस्ता संध्याकाळी सातला बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. गाडीने यायचं तर कल्याण-शीळ रस्ता आणि शिळफाट्याचा चौक. कल्याण-तळोजा मेट्रो १२ त्याच रस्त्यावरून जाणार, तिचं एक स्टेशन बुलेटच्या स्टेशनला पादचारी पुलाने जोडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. खांब उभे राहण्याआधी ठरलं तर काही कोटी, नंतर ठरलं तर त्याच्या पाचपट.

आणखी एक, जे जाहिरातीत दिसत नाही. २ तास ७ मिनिटांची जी गाडी आहे ती ठाण्याला थांबत नाही. तिचे मधले थांबे सुरत, वडोदरा आणि अहमदाबाद; शेवट साबरमतीला. सगळीकडे थांबणारी २ तास ५८ मिनिटं घेते. फरक ५१ मिनिटांचा, वगळलेली स्टेशनं सात, म्हणजे एका थांब्याला सात मिनिटांच्या आसपास. ३२० वरून थांबायला आणि पुन्हा ३२० गाठायला कित्येक किलोमीटर खर्ची पडतात, म्हणून. तेव्हा ठाणेकराने पावणेतीन तास धरावेत. त्यात वाशीहून म्हातार्डीपर्यंतचा सव्वा-दीड तास मिळवा. उलव्याचं नवी मुंबई विमानतळ आता सुरू झालंय, डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतात. नेरुळहून उलवे, पुढे तासाभराचं उड्डाण, सुरक्षातपासणीचा वेळ धरला तरी अहमदाबादसाठी नवी मुंबईकर विमानच पकडेल. सुरत, भरूच, वापीसाठी मात्र बुलेटला तोड नाही. कापड आणि हिऱ्याचा धंदा, वापी-अंकलेश्वरच्या केमिकल कंपन्या, महापे-रबाळेच्या एमआयडीसीतले त्यांचे पुरवठादार, ही खरी गिऱ्हाइकं. अहमदाबादचा पर्यटक नव्हे.

खारेगाव_पूल:

सगळ्यांचे आभार. एक उपप्रश्न. २०१८ ला अधिकाऱ्यांनी बीकेसी-ठाणे २५० रुपये आणि १५ मिनिटं असं सांगितलं होतं. रोज बीकेसीला नोकरीला जाणाऱ्या डोंबिवली-दिव्याच्या माणसाला हे चालेल का? महिन्याला १२-१३ हजार होतात, ओला-उबेरपेक्षा कमीच.

पाचवी_सहावी:

एखाद्याला चालेल. गर्दीला नाही.

गर्दीच्या वेळी दर २० मिनिटांनी गाडी, म्हणजे तासाला तीन. दहा डब्यांच्या गाडीत ७५० आसनं, म्हणजे तासाला २,२५०. तीही सुरतेहून भरून आलेली. सकाळी दिव्याहून सुटलेली एक बारा डब्यांची लोकल याच्या दुपटीहून जास्त माणसं वाहते. म्हणजे तासभर धावलेली बुलेट ट्रेन अर्ध्या लोकलएवढी. २५० रुपयेही २०१८ चे, खर्च जवळपास दुप्पट झाल्यावर ते तसेच राहतील असं धरून घर घेऊ नका. म्हातार्डी-आगासन पट्ट्यात 'बुलेट ट्रेनपासून पाच मिनिटं' म्हणून फ्लॅट विकणाऱ्यांचे फलक लागलेत, त्यांना आधी पाण्याचं कनेक्शन विचारा.

रूळकरी:

जपानमध्ये शिंकानसेनचा मासिक पास मिळतो, नोकरदार तो वापरतात. ऑफिस भाड्याचा मोठा वाटा देतं म्हणून परवडतो. इथे पास निघाला आणि कंपन्यांनी भार उचलला तर बीकेसीतले काही हजार लोक वळतील. त्यापुढे नाही.

आणि शिळफाटा_डाऊन, तुमच्या ३२० बद्दल एक दुरुस्ती. सुरुवातीला जपानी गाड्या नसतील. बीईएमएल या सरकारी कंपनीला ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन गाड्यांची ऑर्डर गेली, ८६७ कोटी, डब्याला २७.८६ कोटी. त्यांची रचना २८० ची, धावतील २५० ने. २०२७ ला सुरत-बिलिमोरा सुरू करायचं ठरतंय ते याच गाड्यांच्या भरवशावर. शिंकानसेनची ई-१० नंतर. २५० ने धावली तर पावणेतीन तासांचे सव्वातीन धरा.

खाडीकाठ:

भूकंपाचं कोणी विचारलं नाही, पण पालघरचे हादरे बघता सांगून ठेवतो. मार्गालगत २२ आणि बाहेर सहा असे २८ भूकंपमापक बसणार आहेत. बाहेरच्यांतले चार महाराष्ट्रात: खेड, रत्नागिरी, लातूर, पांगरी. भूकंपाची पहिली लाट धावते जास्त पण नुकसान करत नाही, दुसरी मागून येऊन पाडते. पहिली टिपली की मधल्या काही सेकंदांत वीज तोडायची, गाडी आपोआप ब्रेक घेते. केंद्र लांब असेल तर वेळ मिळतो. डहाणू-तलासरीसारखं केंद्र अगदी रुळाखालीच असेल तर दोन्ही लाटा जवळपास एकत्र येतात आणि यंत्रणेचा उपयोग थोडाच. तिथे भिस्त खांबांच्या मजबुतीवर.

आकडेमोड:

खाडीकाठ, तुमच्या अडीच लाख खेपांवर एक शंका. दीडपट फुगवटा स्फोटाने फोडलेल्या पाषाणाला ठीक आहे. टीबीएममधून माल गाळासारखा येतो, पाणी वेगळं करून उरलेला चुरा दीडपटीपेक्षा कमी जागा घेतो. पण ओला असल्याने वजन आधी भरतं आणि डंपर १४ घनमीटर भरायच्या आतच वजनाच्या मर्यादेला लागतो. त्यामुळे खेपांचा आकडा फारसा खाली येणार नाही.

खाडीकाठ:

बरोबर. ओला माल म्हणजे रस्त्यावर गळणारा माल. म्हणजे चाकं धुण्याच्या हौदाबरोबर डंपरच्या मागच्या फाळक्याला रबरी पट्टी आहे का, तेही बघा. ती नसेल तर घणसोली नाक्यापासून रबाळ्यापर्यंत दुचाक्या घसरतील.